सोलापूरची ज्वारी, शिधावाटप आणि आहारविषयक सार्वजनिक धोरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे गाव 'ज्वारीचे कोठार' म्हणून ओळखले जाते. परंपरेनुसार बहामनी राजवटीत येथील अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. कथेतील चमत्काराचा भाग भाविकांचा आहे. परंतु तिच्यात एक ऐतिहासिक जाणीव दडलेली आहे. लोकांनी काय खावे आणि किती खावे, हे या अवर्षणप्रवण प्रदेशात केवळ शेत आणि चूल ठरवीत नसून सरकारी कोठारही ठरवीत असते. आज स्थूलता व मधुमेह हे सार्वजनिक आरोग्याचे प्रश्न झाले असताना या जाणिवेचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. आहार सुधारण्यासाठी शासनाने हस्तक्षेप करावा की नाही, अशी चर्चा सामान्यतः होते. सोलापूरचा इतिहास पाहता हा हस्तक्षेप किमान दीडशे वर्षे चालूच आहे. त्याची दिशा कोणती होती, हा खरा प्रश्न होय.

एक पौंड धान्याचे शास्त्र :

1876-78 च्या दुष्काळात सोलापूर हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. जानेवारी 1877 मध्ये हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागांत पाठविले. दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरतील, असे त्यांनी ठरविले. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी या मापाला वैद्यकीय आधारावर हरकत घेतली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी मात्र शास्त्रीय वादाची वाट पाहिली नाही. कपात होताच हजारो लोक कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. खडी फोडणाऱ्या माणसाला किती दाणा लागतो, हे कागदावर ठरविण्याचा हा आधुनिक काळातील आरंभीचा प्रयत्न होता, आणि तो काटकसरीच्या हिशोबातून झाला होता, पोषणाच्या नव्हे. पुढे 1880 चा दुष्काळ आयोग व त्यानंतरची दुष्काळ संहिता यांनी मदतीला नियमबद्धता दिली. तरी 'जिवंत राहण्यापुरते' हेच माप कायम राहिले.

या भुकेचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या शरीरात उतरतात काय, याचा शोध पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत घेतला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे शरीर अन्न मुबलक होताच मधुमेहाकडे लवकर झुकते. त्यामुळे दुष्काळाचा इतिहास आणि स्थूलतेचा इतिहास हे दोन वेगळे विषय मानता येत नाहीत.

मालदांडी, मिलो आणि स्वस्त गहू :

सोलापूरच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बी ज्वारी मुख्यतः साठलेल्या ओलीवर पिकते. या जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेले 'एम 35-1' हे वाण आजही शेतकरी पेरतात. सरकारी संशोधनाने लोकांची चव, भाकरीचा पोत आणि जनावरांचा कडबा या तिन्ही गोष्टी जपल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. 1964 मध्ये आलेल्या 'सीएसएच-1' या संकरित खरीप ज्वारीने उत्पादन वाढविले. पण कणसात दाणा भरताना पाऊस आला की तो काळा पडे. 'हायब्रीड' हा शब्द ग्रामीण बोलीत निकसपणाचा वाचक झाला, तो उगाच नव्हे.

1970-73 च्या दुष्काळात शासनाची कामगिरी निःसंशय मोठी होती. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीने जपल्या आहेत. मिलो जनावरांचे खाद्य म्हणून हिणवली गेली, तरी तिने माणसे जगविली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा 1977 चा कायदा आकारास आला.

मात्र याच काळात ताटातील क्रम उलटू लागला. पूर्वी गव्हाची पोळी सणावारी आणि ज्वारीची भाकरी रोजची असे. हरितक्रांतीनंतर केंद्रीय खरेदी मुख्यतः गहू-तांदळाची झाली आणि रास्त भाव दुकानात तेच धान्य आले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ 3, गहू 2 आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा दर ठरविला. भरडधान्य सर्वांत स्वस्त होते, पण दुकानात ते क्वचितच येई. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. परिणामी जो गहू पूर्वी श्रीमंताघरचा होता तो गरिबाचा झाला आणि मालदांडी ज्वारी बाजारात विकत घेऊन खाण्याची वस्तू झाली. राज्यातील ज्वारीचे क्षेत्र 1990 च्या दशकारंभी सुमारे 60 लाख हेक्टर होते. 2020 च्या सुमारास ते 20 लाखांच्या आसपास आले. 2007 मध्ये तर राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले. ज्वारी शिधापत्रिकेवर आणणे कठीण, गाळणे सोपे, असा याचा अर्थ लोकांनी लावला तर त्यांना दोष देता येत नाही.

साखरेचा जिल्हा :

उजनी धरणानंतर भीमाकाठ उसाखाली गेला आणि कोरडवाहू सोलापूर राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत अग्रभागी आले. पाणी, वीज, पतपुरवठा आणि हमीदर या चारही मार्गांनी सार्वजनिक पैसा उसामागे उभा राहिला. ज्वारीच्या वाट्याला तुलनेने काय आले, हे 2023-24 च्या आधारभूत किमतींवरून दिसते : संकरित ज्वारी 3180 आणि मालदांडी 3225 रुपये क्विंटल. लोक ज्या भाकरीसाठी वेगळा भाव मोजतात, तिची सरकारी किंमत अवघ्या 45 रुपयांनी अधिक. 2022 च्या दिवाळीत राज्याने 100 रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' या संचात रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल होते. सणाला गोडधोड हवेच. परंतु शासनाच्या मनातील आनंदाची पाककृती कोणती, हेही त्यातून कळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील अतिवजनी वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण 2015-16 मधील 20.6 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 24 टक्के झाले, पुरुषांचे 18.9 वरून 22.9 टक्के. येथे ज्वारीला रामबाण ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत, तर गव्हाच्या कणकेत 11 ग्रॅमांहून किंचित अधिक. सडलेल्या तांदळात मात्र ते 3 ग्रॅमही नाहीत. म्हणजे भाकरी विरुद्ध चपाती हा वाद फोल आहे. प्रश्न पांढरा तांदूळ, मैदा, साखर आणि स्वस्त तेल यांचा आहे.

अन्यत्र शासनांनी करांचा मार्ग घेतला. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर कर लावला, चिलीने 2016 मध्ये वेष्टनावर काळे इशारे छापले. डेन्मार्कचा स्निग्धांश कर 2011 मध्ये आला आणि 2013 च्या आरंभी रद्द झाला. केरळने 2016 मध्ये बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर बसविला. महाराष्ट्राने 2017 मध्ये शालेय उपाहारगृहांतून अतिमेद, अतिसाखर व अतिमिठाचे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. सप्टेंबर 2025 पासून शीतपेयांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे.

शाळेतील भाकरी :

बंदीपेक्षा पर्याय देणे अवघड असते, याचा दाखला शालेय पोषण आहारात मिळतो. 1995 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ज्वारीच्या या जिल्ह्यातही विद्यार्थ्याच्या पिशवीत महिन्याचा तीन किलो तांदूळ पडे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शिजविलेल्या अन्नाचा आग्रह झाला आणि खिचडी आली. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शाळांत ज्वारी देण्याची चर्चा पुन्हा झाली. खिचडीला एक पातेले आणि एक चूल पुरते. भाकरीला उकळत्या पाण्याने मळलेले पीठ, थापणारा हात आणि प्रत्येकीला तव्यावरची वेगळी वेळ लागते. सोलापुरात कडक भाकरी करून विकणाऱ्या स्त्रियांनी या हातखंड्याचा व्यवसाय केला आहे, त्या भाकऱ्या महिनाभर टिकतातही. पण शाळेत दोनशे मुलांसाठी रोज भाकऱ्या कोणी थापायच्या आणि त्या श्रमाचे मोल किती धरायचे, हा रकाना योजनेच्या अंदाजपत्रकात अद्याप नाही.