फरव्यापारकालीन राँदेव्हू शिबिरे

फरव्यापारकालीन राँदेव्हू शिबिरे ही अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत दरवर्षी भरणारी निवासी संमेलने आहेत. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अमेरिकेत चाललेल्या फरच्या (केसाळ कातड्यांच्या) व्यापारातील जीवन यांत प्रत्यक्ष जगून पाहिले जाते. सहभागी लोक त्या काळचा पोशाख करतात, कापडी राहुट्यांत राहतात, चुलीवर रांधतात आणि ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा खेळतात. ही शिबिरे दोन-तीन दिवसांपासून आठ-दहा दिवसांपर्यंत चालतात. ‘जिवंत इतिहास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छंदाची ही एक शाखा आहे. लढायांचे प्रयोग करणाऱ्या इतर शाखांहून ती वेगळी आहे, कारण येथे केंद्रस्थानी रणांगण नसून बाजार आणि बिऱ्हाड आहे.

नाव

‘राँदेव्हू’ हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ ‘ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भेटणे’ असा होतो. फरव्यापारात फ्रेंच भाषक कामगारांचा भरणा मोठा असल्याने त्यांचे अनेक शब्द इंग्रजीत रुळले. शिबिराच्या प्रमुखाला आजही ‘बुशवे’ म्हणतात. व्यापारी तुकडीच्या मालकाला किंवा म्होरक्याला लावल्या जाणाऱ्या ‘बूर्झ्वा’ या फ्रेंच शब्दाचे ते अपभ्रष्ट रूप आहे. मराठी वाचकाला हा शब्द राजकीय लेखनातून परिचित आहे; रानातल्या तांड्याचा नायक हा त्याचा अर्थ मात्र अनपेक्षित वाटेल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या व्यापाराचे मूळ युरोपातील टोप्यांच्या फॅशनमध्ये होते. बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यावरील आतल्या मऊ लवीपासून उत्तम प्रतीचा नमदा तयार होई आणि त्या नमद्याच्या टोप्यांना मोठी मागणी होती. कातडी मिळवण्याचे काम बहुतांशी मूळ अमेरिकी समाज करीत; त्या बदल्यात त्यांना कांबळी, भांडी, कुऱ्हाडी, बंदुका, काचमणी, कापड आणि मद्य मिळे.

वार्षिक भेटीचे दोन प्रकार होते. पहिला पंचमहासरोवरांच्या प्रदेशातला. मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीच्या होड्या उन्हाळ्यात सुपीरियर सरोवराच्या काठी ग्रँड पोर्टेज येथे माल घेऊन येत आणि आतल्या प्रदेशात हिवाळा काढलेले लोक तेथे कातडी आणत. भूर्जसालीच्या या मोठ्या होड्या सुमारे ११ मीटर लांब असत. त्या वल्हवणाऱ्या ‘व्हॉयाजर’ कामगारांना नदीतील धबधबे टाळण्यासाठी माल पाठीवरून न्यावा लागे. एकेक गाठोडे सुमारे ४१ किलोचे असे आणि एका खेपेला सहसा दोन गाठोडी उचलावी लागत. ग्रँड पोर्टेजची पायवाट सुमारे १३.७ किलोमीटरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने हे ठाणे सोडून फोर्ट विल्यम (आजचे थंडर बे, ओंटारियो) येथे मुक्काम हलवला. १८२१ मध्ये ही कंपनी आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी हडसन बे कंपनीत विलीन झाली.

दुसरा प्रकार रॉकी पर्वतातला. येथे कायमचे ठाणे नव्हते. सेंट लुईसहून खेचरांचा तांडा माल घेऊन निघे आणि आधी ठरवलेल्या खोऱ्यात सापळेकरी व मूळ अमेरिकी लोक त्याची वाट पाहत. विल्यम ॲशली याने १८२५ च्या जुलैत ग्रीन नदीच्या खोऱ्यात हेन्रीज फोर्क येथे पहिली भेट भरवली. आजच्या उत्सवांत राँदेव्हू म्हणजे मद्याचा पूर असे चित्र रंगवले जाते. पण या पहिल्या भेटीला मद्य नव्हते आणि ती एक-दोन दिवसांतच आटोपली. पुढच्या वर्षांत मात्र मद्याचा व्यापार वाढला. मूळ अमेरिकी प्रदेशात मद्य नेण्यास १८३२ च्या कायद्याने बंदी होऊनही तो थांबला नाही. माल डोंगरात पोहोचेपर्यंत त्याची किंमत अनेक पटींनी वाढलेली असे. परिणामी थंडगार ओढ्यांत सापळे लावून मिळवलेली वर्षाची कमाई काही दिवसांत संपून सापळेकरी पुन्हा कर्जात जात.

१८३१ चा अपवाद वगळता (त्या वर्षी मालाचा तांडा वेळेत पोहोचला नाही) ही भेट १८४० पर्यंत दरवर्षी भरली. शोशोनी, नेझ पर्स, फ्लॅटहेड, क्रो इत्यादी समाजांचे लोक तिला मोठ्या संख्येने येत. अतिशिकारीने बीव्हर दुर्मीळ झाला आणि रेशमी टोप्यांची फॅशन आल्याने कातड्यांचा भाव कोसळला. १८४० ची भेट शेवटची ठरली. याच सुमारास, १८३७ मध्ये, वरच्या मिसूरी नदीकाठी आलेल्या देवीच्या साथीने मँडन समाज जवळजवळ नष्ट झाला. व्यापारी कंपनीच्या वाफेच्या बोटीतून ही साथ तेथे पोहोचली होती.

आधुनिक मेळाव्यांचा उगम

जुन्या बंदुकांच्या छंदातून या मेळाव्यांना चालना मिळाली. ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. तिचे केंद्र इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी आहे. वायोमिंगमधील पाइनडेल परिसरात १९३६ पासून ग्रीन नदीवरील राँदेव्हूचे स्मरण नाट्यरूपाने केले जाते. १९६८ मध्ये ‘अमेरिकन माउंटन मेन’ ही संघटना निघाली. तिचा भर करमणुकीपेक्षा रानात तग धरण्याच्या जुन्या कौशल्यांवर आहे. त्याच वर्षी इंडियानातील वेस्ट लाफायेटजवळ ‘फीस्ट ऑफ द हंटर्स मून’ हा मेळावा सुरू झाला. तेथील फ्रेंच ठाणे फोर्ट वियातनाँ १७१७ मध्ये उभारले गेले होते. मेळावा मात्र १९३० मध्ये बांधलेल्या प्रतिकृतीभोवती भरतो. मूळ ठाण्याची जागा नंतर नदीच्या खालच्या अंगाला सापडली. १९७० च्या दशकात, रॉबर्ट रेडफर्डच्या ‘जेरेमाया जॉन्सन’ (१९७२) या चित्रपटाच्या आगेमागे, कातडी पोशाखाच्या या छंदाला मोठा बहर आला. वायोमिंगमधील फोर्ट ब्रिजर येथे सप्टेंबरच्या आरंभी भरणारा मेळावा पश्चिमेकडील मोठ्या मेळाव्यांपैकी एक आहे. कॅनडात विनिपेगचा ‘फेस्टिव्हल द्यु व्हॉयाजर’ भर हिवाळ्यात, फेब्रुवारीत होतो.

शिबिरातील जीवन व नियम

बहुतेक शिबिरांचा मूळ नियम एकच असतो: १८४० नंतरची वस्तू डोळ्यांस दिसता कामा नये. गाड्या सामान उतरवून दूर नेऊन लावाव्या लागतात. साखळी-चेन, प्लॅस्टिक, विजेरी, घड्याळ, आधुनिक पादत्राणे यांना मज्जाव असतो. चष्म्याची चौकटही जुन्या धाटणीची असावी अशी काही ठिकाणी अपेक्षा असते. औषधे व लहान मुलांच्या गरजांबाबत सवलत मिळते आणि बर्फाची पेटी कांबळ्याखाली किंवा लाकडी खोक्यात दडवणे अनेक ठिकाणी चालते. आधुनिक तंबू व फिरत्या घरगाड्यांसाठी अनेक ठिकाणी वेगळा भाग राखलेला असतो.

नवागताला सामान्यतः आधी पोशाखच जमवावा लागतो. गुडघ्यापर्यंत लोंबणारा सुती किंवा तागाचा सदरा, लोकरी विजार, कांबळ्याचा कोट, मोकॅसिन हे पुरुषांचे कपडे. स्त्रियांसाठी सैल झगा, घागरा, आखूड अंगरखा आणि डोक्याला रुमाल. कृत्रिम धाग्यावरील बंदीला व्यावहारिक कारणही आहे. उघड्या चुलीजवळ नायलॉन वितळून अंगाला चिकटते. लोकर सहजी पेट घेत नाही.

आग पेटवणे ही पहिली शिकण्याची कला. बंद डब्यात कोंडून काळी केलेली सुती चिंधी गारगोटीवर धरतात, पोलादाचा घाव घालून तिच्यावर ठिणगी पाडतात, मग ती सुक्या तंतूंच्या घरट्यात ठेवून फुंकतात. (आपल्याकडील ‘चकमक’ ती हीच. मराठीत चकमक अजून झडते ती सैन्यांत किंवा विधिमंडळात. घरातून ती वस्तू काडेपेटीने केव्हाच घालवली.) नेमबाजीत काळी दारू मोजून नळीत ओततात, तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने ठासतात आणि चापावरील चकमकीने बार उडवतात. आधुनिक धूरविरहित दारू अशा नळीत भरल्यास ती फुटू शकते, म्हणून त्याबाबत कडक शिस्त असते. कुऱ्हाड व सुरी फेकण्याच्या स्पर्धा, होड्यांच्या शर्यती आणि वस्तूंची अदलाबदल हे इतर कार्यक्रम. तांड्याच्या जेवणात बिडाच्या भांड्यात शिजवलेले वाटाणे व डुकराचे मांस, मका, तव्यावरची जाड भाकर असे पदार्थ असतात. वाळवून कुटलेले गव्याचे मांस आणि चरबी यांचे ‘पेमिकन’ हे व्हॉयाजरांचे टिकाऊ खाणे होते. आज ते बहुधा चवीपुरतेच केले जाते.

व्यापाऱ्यांच्या रांगेत विकायला असलेल्या मालावरून त्या काळच्या जागतिक व्यापाराची कल्पना येते. मूळ व्यापारात काचमणी व्हेनिसचे, हिंगुळ चीनचा आणि कांबळी इंग्लंडची असत. भारताचा संबंधही शब्दांतून उरला आहे. ‘कॅलिको’ हे छापील सुती कापडाचे नाव कालिकतवरून पडले, तर ‘बँडाना’ या रुमालाचे नाव भारतीय ‘बांधणी’शी नाते सांगते. राँदेव्हूतला शिकारी गळ्यात जो ठिपक्यांचा रुमाल बांधतो, त्याची कुळी अशी आपल्याकडची आहे.

अचूकतेचा प्रश्न

या छंदात वस्तूंच्या अचूकतेवर फार वाद होतात. शिवण हाताची की यंत्राची, गुंडी हाडाची की शिंगाची, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पुरावा म्हणून तत्कालीन रोजनिशा, व्यापाऱ्यांच्या मालाच्या याद्या आणि चित्रे यांचा आधार घेतला जातो. यांत आल्फ्रेड जेकब मिलर याची चित्रे सर्वांत महत्त्वाची, कारण रॉकी पर्वतातील राँदेव्हू प्रत्यक्ष पाहून रंगवणारा तो एकमेव चित्रकार होय. तो १८३७ मध्ये विल्यम ड्रमंड स्ट्युअर्ट या स्कॉटिश सरदारपुत्राबरोबर तेथे गेला होता. मात्र त्याची बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयातील सुमारे २०० प्रसिद्ध जलरंगचित्रे १८५८ ते १८६० या काळात, म्हणजे सुमारे वीस वर्षांनी, जुन्या रेखाटनांवरून मागणीनुसार काढलेली आहेत. त्यांतील प्रत्येक झालर व पीस पुरावा मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

राहुट्यांबाबतही असेच झाले आहे. आजच्या शिबिराचे ओळखचिन्ह म्हणजे पांढऱ्या कॅनव्हासच्या टिपींची रांग. परंतु १८३० च्या दशकात टिपी गव्याच्या कातड्याची, धुराने तपकिरी झालेली असे. कॅनव्हासची टिपी सर्वत्र झाली ती गव्यांचे कळप संपल्यावर. ज्या वस्तूमुळे शिबिर ‘जुने’ दिसते तीच मुळात पुढच्या काळातली, आणि एका समाजाच्या उपासमारीशी निगडित आहे. गुंडीवर वाद घालणारे मेळावे या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष करतात.

प्रतिनिधित्व आणि टीका

मुख्य आक्षेप वस्तूंविषयी नसून माणसांविषयी आहे. ऐतिहासिक राँदेव्हूत मूळ अमेरिकी लोक हे यजमान, पुरवठादार, ग्राहक आणि नातलग होते; आजच्या छंदी शिबिरांत सहभागी लोक बहुतांशी गोरे असतात. त्यांपैकी काही जण मूळ अमेरिकी व्यक्तीचा वेश व नाव धारण करतात. काही शिबिरांत पहारेकऱ्यांना ‘डॉग सोल्जर’ म्हणतात, जे शायेन समाजाच्या एका योद्धेमंडळाचे नाव आहे. अशा वेशांतराची परंपरा अमेरिकी स्वातंत्र्यपूर्व काळापासून कशी चालत आली याचे विवेचन इतिहासकार फिलिप डेलोरिया यांनी ‘प्लेइंग इंडियन’ (१९९८) या ग्रंथात केले आहे. गरुडाची पिसे बाळगणे तर अमेरिकेत कायद्यानेच निषिद्ध असून धार्मिक उपयोगासाठीची मुभा मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांपुरती आहे. म्हणून छंदी लोक टर्कीची पिसे रंगवून वापरतात.

स्त्रियांचे चित्रणही दीर्घकाळ अपुरे राहिले. कातडी कमावणे, मोकॅसिन शिवणे, पेमिकन करणे, दुभाषाचे काम करणे हे सारे मूळ अमेरिकी व मिश्रवंशीय स्त्रियांकडे असे. व्यापारी व या स्त्रिया यांचे विवाह ‘देशरीतीप्रमाणे’, म्हणजे चर्चविना, होत आणि त्यांतूनच कॅनडातील मेटी समाज घडला. सिल्व्हिया व्हॅन कर्क यांच्या ‘मेनी टेंडर टाइज’ (१९८०) या ग्रंथाने हा विषय पुढे आणल्यावर संग्रहालयांच्या मांडणीत बदल झाले; एकाकी दाढीवाल्या शिकाऱ्याची प्रतिमा खासगी मेळाव्यांत मात्र टिकून आहे. गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे क्रो समाजात राहिलेला जेम्स बेकवर्थ हा कृष्णवर्णीय सापळेकरी त्या प्रतिमेत क्वचितच बसवला जातो.

सार्वजनिक संस्थांच्या मेळाव्यांची रीत निराळी आहे. तेथे स्वयंसेवकांना प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. (‘ही आग खरी आहे का?’ हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, असा या मंडळींतला जुना विनोद आहे.) ग्रँड पोर्टेजचे राष्ट्रीय स्मारक १९६० मध्ये स्थापन झाले ते तेथील ओजिब्वे समाजाने दिलेल्या जमिनीवर, आणि स्मारकाच्या देखभालीत आज त्या समाजाचा करारान्वये वाटा आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तेथे राँदेव्हू शिबिर भरते, त्याच दिवसांत ओजिब्वे लोकांचे पॉवॉव हे नृत्यसंमेलन शेजारीच होते. शिबिरातील कापडी राहुट्यांतून निघालेला पाहुणा काही पावलांत ढोलांच्या वर्तुळापाशी पोहोचतो. तेथे कोणीही १८४० पूर्वीचा वेश करून बसलेले नसते आणि नर्तकांच्या पोशाखात आजचे रंग व आजचे कापड मोकळेपणाने वापरलेले असते.