विसरभोळ्या सर्व्हरची गोष्ट

संगणक-कक्षात 'नेटवर्क ड्राइव्ह' उघडल्यावर दिसणारी फाइल प्रत्यक्षात कोठे असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला १९८० च्या दशकात जावे लागते.

त्या काळी मोठ्या संस्थांची माहिती मेनफ्रेमवर असे. ती टेबलावरच्या संगणकावर हवी असेल तर फाइलची पूर्ण प्रत उतरवून घ्यायची, दुरुस्त करायची आणि परत पाठवायची. दोघांनी एकाच फाइलच्या प्रती नेल्या तर नंतर पाठवणाऱ्याची दुरुस्ती टिके, आधीच्याची पुसली जाई. प्रत न काढता मूळ फाइलच जागच्या जागी वाचता-लिहिता आली तर? अशी दूरची निर्देशिका आपल्या संगणकाला जोडण्यास 'माउंट करणे' म्हणतात. हा शब्द जुना आहे. पूर्वी चकत्यांचा जड संच माणूस हाताने यंत्रावर चढवीत असे. आता तो संच दुसऱ्या इमारतीत राहणार होता.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी कॅलिफोर्नियात १९८२ साली स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. या कंपनीच्या अभियंत्यांनी घडवलेल्या नेटवर्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे एनएफएसचा, शोधनिबंध १९८५ साली यूझनिक्स परिषदेत सादर झाला.

त्यांची अडचण अशी होती : मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर कोणी कोणती फाइल कोठपर्यंत वाचली होती, ही त्याची आठवण पुसली जाणार. त्यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. सर्व्हरने काही लक्षातच ठेवायचे नाही!

हे वर्गात करून पाहता येते. एका विद्यार्थ्याला पुस्तक देऊन 'सर्व्हर' करा. दुसऱ्याने चिठ्ठ्या पाठवाव्यात. उत्तराच्या काही चिठ्ठ्या तुम्ही मुद्दाम हरवा. उत्तर आले नाही की तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायची. चिठ्ठीत 'पुढचे पान वाच' असे असेल तर एखादे पान निसटते. 'पान १२ वाच' असे असेल तर ती दहा वेळा पाठवली तरी बिघडत नाही. एनएफएसची प्रत्येक विनंती या दुसऱ्या प्रकारची होती : कोणती फाइल, कोठून, किती बाइट. सर्व्हर उठेपर्यंत ग्राहक-संगणक तीच विनंती पुन्हा पुन्हा करी.

याची किंमतही होती. 'ही फाइल पुसून टाक' ही विनंती दोनदा पोचली की दुसऱ्यांदा 'अशी फाइलच नाही' असे उत्तर येई. फाइलला कुलूप लावायचे तर कोणी लावले हे लक्षात ठेवणे आलेच. त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. शिवाय लिहिलेले चकतीवर उतरल्याशिवाय सर्व्हरने होकार द्यायचा नाही, म्हणून लेखन संथ होई.

मेनफ्रेमशी जोडणी करताना आणखी अडचणी आल्या. आयबीएम मेनफ्रेमच्या एबसीडिक संकेतात इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे १९३, तर टेबलावरच्या संगणकाच्या आस्की संकेतात ६५. मजकूर वाटेत भाषांतरित करावा लागे. पण फाइलमध्ये चित्र किंवा प्रोग्रॅम असेल तर तेच भाषांतर तिचा नाश करी. डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठ अधिक तीन अक्षरांचीच जागा असल्यामुळे लांब नावे तोडावी लागत.

सर्वांत कच्चा दुवा विश्वासाचा होता. 'मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता' असे ग्राहक-संगणकाने सांगितले की सर्व्हर मान्य करी. चोख देखरेखीखालच्या यंत्रांमध्ये हे चालून गेले. ज्याच्या त्याच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र कोणीही कोणताही क्रमांक सांगू शके.

तरीही एनएफएस पसरली, याचे एक मोठे कारण म्हणजे तिचे नियम खुले होते; १९८९ साली ते आरएफसी १०९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने लेखनाचा संथपणा कमी केला. २००० साली नियमबद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीने कुलपे मूळ रचनेत घेतली आणि ओळख पटवण्याची भक्कम व्यवस्था सक्तीची केली. म्हणजे सर्व्हरला अखेर थोडी स्मरणशक्ती द्यावीच लागली.

मग पहिली रचना चुकीची होती का? आम्हाला तसे वाटत नाही. बेभरवशाच्या जालकावर काम पुरे होणे ही तेव्हाची गरज होती आणि ती भागली. चिठ्ठ्यांच्या खेळानंतर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : सर्व्हरने काय लक्षात ठेवावे, आणि काय विसरलेले बरे?