उतरलेले छप्पर जाते कोठे?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १६६४ सालचा जानेवारी महिना उभा राहतो. त्या शहरातील घरे कशी होती, त्यांवर छप्पर कसले होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शाळेतील मुले तर नाहीच. आज मला त्या छपरांविषयी आणि विशेषतः छप्पर उतरविल्यावर खाली जे पडते त्याविषयी आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीनंतर दोनच वर्षांनी, १६६६ साली, थेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेत आला. गृहस्थ मोठा चौकस. या मुलखात दगड नाही, विटा आणि चुना महाग आहेत आणि बांधकामाचे लाकूड दमणहून समुद्रमार्गे येते, असे त्याने नोंदविले आहे. श्रीमंतांच्या घरांवरील कौले अर्धगोल, अर्धा इंच जाडीची, पण कच्ची भाजलेली असत. ती टिकत नाहीत म्हणून गवंडी ती दुहेरी घालीत. खाली बांबूच्या कामट्या, त्याखाली गोल लाकडांचा सांगाडा. गोरगरिबांची घरे बांबूची आणि वर ताडामाडाच्या झावळ्या.

कौल टिकत नाही याचा अर्थ छप्पर वारंवार उघडावे लागते. आपल्याकडे मृग लागण्यापूर्वी घराची शाकारणी करीत, ती याचसाठी. परंतु त्या शाकारणीतून टाकून देण्याजोगे फारसे काही उरतच नसे. साबूत कौल पुन्हा वर चढे, फुटलेले कुटून त्याची सुरखी होई आणि ती चुन्यात मिसळून जोत्यात किंवा गच्चीत जिरे. कुजका बांबू चुलीत आणि सडलेली झावळी शेतात. लाकूड समुद्रातून आणावे लागते तेथे जुना वासा फेकण्याचा विचार कोण करणार? त्या काळचे लोक आपल्यापेक्षा शहाणे होते असे माझे म्हणणे नाही. वस्तू महाग होत्या, एवढेच.

२४ एप्रिल १८३७ रोजी सुरतेच्या मच्छलीपीठ भागात एका घरातून आग उठली. अरुंद गल्ल्या, लाकडी सांगाड्यांची घरे, उन्हाळ्याचे दिवस. ९,३७३ घरे जळाली. त्याच वर्षी पुढे तापीला मोठा पूर आला आणि उरलेसुरले शहर पाण्यात गेले. अनेक कुटुंबांनी त्यानंतर मुंबईची वाट धरली. नगरपालिका त्या वेळी नव्हती. ती १८५२ साली स्थापन झाली. म्हणजे जळक्या घराच्या ढिगाऱ्याचा धनी त्या घराचा मालकच.

पुढे कौल बदलले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारे, पक्के भाजलेले चपटे कौल घरोघर पोहोचले. मग सिमेंटचे पत्रे आले. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांनी मागांच्या खडखडाटात ज्या छपराखाली संसार मांडले, ते बहुधा असेच पत्र्याचे. त्यानंतर स्लॅब. प्रत्येक बदलाबरोबर छप्पर अधिक टिकाऊ झाले खरे. पण उतरल्यावर ते अधिकाधिक निरुपयोगी होत गेले.

हिशेबच पाहा. हजार चौरस फुटांच्या छपराला मंगलोरी कौले साधारण दीड हजार लागतात. कौल अडीच किलोचे धरले तर पावणेचार टन वजन झाले. तेवढ्याच मापाचा पाच इंची स्लॅब फोडला तर पंचवीस टनांहून अधिक राडारोडा निघतो. त्याची ना सुरखी होते, ना तो चुलीत जातो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत तर ॲस्बेस्टॉस असते. ते हातोड्याने फोडले म्हणजे त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात घर करतात. असा पत्रा भिजवून, शक्यतो अखंडच उतरवावा लागतो.

अमेरिकेतील नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंनी १९३५ च्या सुमारास या प्रश्नावर तोडगा काढला. लोखंडाची मोठी पेटी दाराशी आणून ठेवावयाची. ती भरली की यंत्राने उचलून गाडीवर घ्यावयाची. त्यांच्या आडनावावरूनच त्या पेटीला डम्पस्टर हे नाव मिळाले. आज तिकडे छप्पर बदलणारा मनुष्य प्रथम ती पेटी भाड्याने ठरवितो. पेटीच्या भाड्यात बहुधा माल कोठे रिता करावयाचा याचाही खर्च धरलेला असतो. गोपीपुऱ्याच्या गल्लीत अशी पेटी मावावयाची नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा टेम्पो ठरतो, तो फेरीच्या बोलीने. दारातून माल हलला की सौदा पुरा. गाडी पुढे कोठे जाते हे गाडीवानही सांगत नाही आणि मालकही विचारीत नाही. माझ्या मते खरी गोम येथे आहे, पेटीत नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासाहून अधिक माणसे गेली, लाखोंनी शहर सोडले. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले आणि अतिक्रमणे पाडून रस्ते रुंद केले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळविला. कोसाडला राडारोडा दळून त्यापासून फरसबंदीचे ठोकळे करण्याचा कारखानाही उभा राहिला.

केंद्र सरकारने २०१६ साली राडारोड्याचे नियम केले. दिवसाला वीस टन किंवा महिन्याला तीनशे टनांहून अधिक माल काढणाऱ्यांकडून त्यांनी आगाऊ आराखडा मागितला. आपला पावणेचार टनांचा मालक त्या मापात येत नाही. त्यालाही माल ठरल्या ठिकाणीच पोहोचविण्याचे बंधन घातले गेले. पण त्याच्या मागे तपासनीस कोण लावणार? म्हणून पहिले कौल उतरण्यापूर्वीच गाडीवानाशी रिते करण्याच्या जागेची बोली करावी, तेथला आकार आपण भरावा आणि पावती पाहून मगच भाडे चुकते करावे. फेरीमागे थोडे अधिक पडेल. लिंबायतेतून मिठी खाडी वाहते. तिच्या काठी रिती झालेली प्रत्येक ट्रॉली तिचे पात्र तेवढे आवळते आणि पावसाळ्यात ते पाणी त्याच वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत शिरते.