नापीक माळावरचा काळा दगड : अमेरिकेतल्या वूड क्रोमाइट खाणीची गोष्ट

सिंधुदुर्गातल्या खनिजांची यादी काढली की कणकवलीजवळच्या वागदे-जानवलीचं क्रोमाइट त्यात असतंच. घरातल्या स्टीलच्या ताटाला गंज चढू न देणारा क्रोमियम धातू याच खनिजातून मिळतो. आज देशातला बहुतेक साठा ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यात आहे. मात्र दोनशे वर्षांपूर्वी जगाला क्रोमाइट पुरवणारा भाग होता अमेरिकेतल्या मेरीलँड आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या सीमेवरचा. तिथली सगळ्यात मोठी खाण म्हणजे वूड खाण.

या उद्योगामागचा माणूस होता बाल्टिमोर शहरातला आयझॅक टायसन. शहराजवळच्या बेअर हिल्स टेकड्यांवर क्रोमाइट आहे, हे त्याला आधीच ठाऊक होतं. १८२७ मध्ये बाल्टिमोरच्या बाजारात एका गाडीवर सफरचंदाच्या सायडरचं पिंप होतं आणि ते घरंगळू नये म्हणून त्याला काळ्या जड दगडांचा टेकू दिला होता. टायसननं दगड ओळखला, कुठून आणला ते विचारलं आणि सरळ ती जागा गाठली, असं सांगतात.

तिथं त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. क्रोमाइट निघतं ती जमीन नापीक असते, तिच्यावर गवत आणि खुरटी झाडं सोडून काही धड येत नाही! मग त्यानं असले माळ हुडकायला सुरुवात केली. शेतकऱ्याला पिकाच्या हिशेबानं कवडीमोल वाटणाऱ्या जमिनी त्यानं विकत किंवा खाणीसाठी कराराने घेतल्या. वूड खाण त्याला १८२८ मध्ये अशीच मिळाली.

जमीन नापीक का? इथला मूळ खडक पृथ्वीच्या कवचाखाली खोलवर तयार झालेला. तिथल्या तप्त रसात क्रोमाइटचे कण लवकर बनले आणि ठिकठिकाणी गोळा झाले. पुढे जमिनीच्या हालचालींत हा खडक वर ढकलला गेला आणि पाण्याशी संयोग होऊन त्याचा हिरवट, गुळगुळीत सर्पेंटाइन झाला. त्याच्या मातीत मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम कमी, वर निकेलही. पीक येणार कसं?

क्रोमाइटचे असे गोळे सलग पसरत नाहीत. एक संपला की दुसरा कुठं, ते सांगता येत नाही. वूड खाणीतला गोळा मात्र मोठा निघाला आणि खोदकाम सातशे फुटांच्याही खाली गेलं. तेव्हा स्टेनलेस स्टील नव्हतंच. माल जायचा पिवळा रंग आणि कापडाची रंगाई यांसाठी. १८४५ मध्ये टायसननं बाल्टिमोरला स्वतःचा कारखाना काढला. पण १८४८ मध्ये तुर्कस्तानात मोठे साठे सापडले आणि त्याची सद्दी संपत गेली. वूड खाण १८८० च्या दशकात बंद पडली, विहिरी पाण्यानं भरल्या.

खरं दुखणं मागं राहिलं ते कारखान्याच्या जागेवर. साधं क्रोमाइट पाण्यात सहसा विरघळत नाही. ते क्षारासोबत भाजलं की सहा-संयुजी क्रोमियम तयार होतं. ते पाण्यात विरघळतं, विषारी असतं आणि त्यानं कर्करोगही होतो. कारखाना पुढे अनेक हातांतून गेला, १९८५ मध्ये बंद झाला, तरी दूषित जमीन झाकून तिथलं पाणी बंदराच्या खाडीत झिरपू नये याची व्यवस्था करावी लागली.

सीमेवरच्या सर्पेंटाइन माळांचे काही भाग आज राखीव आहेत. दुसरीकडे क्वचितच आढळणारी रानफुलं त्या नापीक मातीत फुलतात.