मोंबासाच्या किल्ल्यापाशी वसईचे सागवान

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणारी प्रवासी बोट मोंबासाच्या किलिंदिनी बंदराला लागली, म्हणजे उतारूंच्या हाती जेमतेम एक दिवस असतो. बरीच मंडळी हत्ती-सिंह पाहावयास मोटारींतून निघून जातात. आम्ही काही भगिनींनी मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गावालगत असलेला फोर्ट जीझस पाहावयाचे ठरविले. हत्ती काय, राणीच्या बागेतही पाहिलेले आहेत!

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ ते १५९६ या काळात बांधला. आराखडा काइराती नावाच्या इटालियन स्थपतीचा. तो पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील मुलखाचा मुख्य स्थपती होता, आणि मोंबासाचा कारभारही गोव्याच्याच हुकुमाने चाले. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या. उन्हात त्यांचा रंग आपल्याकडच्या काळ्या पाषाणाहून अगदी निराळा दिसतो.

येथल्या राजघराण्यातील यूसुफ नावाच्या मुलाला पोर्तुगीजांनी लहानपणीच गोव्यास नेले, ख्रिस्ती केले, दों जेरोनिमो असे नाव दिले आणि मोठेपणी गादीवर बसविले. त्याच्या बापाचा घात पोर्तुगीजांच्याच चिथावणीने झालेला होता. हे पोर विसरेल अशी त्यांची कल्पना असावी. १६३१ च्या ऑगस्टात त्याने किल्लेदारास ठार केले, किल्ला घेतला आणि पुन्हा मुसलमानी धर्म स्वीकारला.

पण मैत्रिणींनो, मला सांगावयाचे आहे ते पुढच्या वेढ्याविषयी. १६९६ च्या मार्चात ओमानच्या अरबांनी किल्ला वेढला. आत पोर्तुगीज शिपाई शंभराच्याही आतले. बाकी सारी किनाऱ्यावरची आश्रयाला आलेली माणसे, बायकामुलांसुद्धा. वेढा तेहतीस महिने चालला. गोव्याहून मदत येई, पण ती पावसाळ्याचे वारे पाहून, उशिराने आणि अपुरी. तोफांपेक्षा रोगाने अधिक माणसे नेली. १६९७ च्या मध्यास पोर्तुगीज शिबंदी जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा किल्ला लढविला तो फाझाचा शेख दाऊद, त्याच्या घरची सतरा माणसे, आठ आफ्रिकी पुरुष आणि पन्नास आफ्रिकी स्त्रिया यांनी. पुरुषांच्या दुपटीने बायका, हे ध्यानात घ्या! कप्तानांची नावे बखरकारांनी जपून ठेविली. या पन्नासजणींपैकी एकीचेही नाव कोठे आढळत नाही. पाणी कोण भरी, रात्री तटावर कोण जागे, आजाऱ्यांना पेज कोण पाजी, हे आपणच मनाशी समजावयाचे. त्यांनी दम धरला म्हणून सप्टेंबरात आरमार पोहोचले, तेव्हा किल्ला अद्याप पडलेला नव्हता.

त्या आरमारात एक जहाज होते, ‘सांतो आंतोनियो दि तान्ना’. तान्ना म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडचे आपले ठाणे! जहाज बांधले होते वसईला, १६८० च्या सुमारास, इकडच्याच सागवानाचे. वसईच्या कोणा सुताराने तासलेल्या फळ्या इतक्या दूर लढाईवर गेल्या होत्या. खाडीत नांगरलेले असताना ऑक्टोबरात त्याचे दोर तुटले, ते भरकटले आणि अखेर किल्ल्यासमोरच बुडाले. १९७७ ते १९८० या वर्षांत पाणबुड्यांनी त्याचा शोध घेऊन पुष्कळ वस्तू वर काढल्या. त्यांतल्या काही किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत. सांगाडा मात्र तेथेच, चिखलात ठेविला आहे. आमच्यातल्या एकजणी ठाण्याच्या; त्या काचेपुढून हलेनात.

किल्ला १६९८ च्या १३ डिसेंबरला पडला. शेवटी आत उरले होते बोटांवर मोजण्याइतके लोक. आठवडाभराने गोव्याची आणखी गलबते आली. दुरूनच तटावर ओमानी निशाण दिसले, तशी ती माघारी वळली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ज्या गोदीतून ते जहाज निघाले तीही पोर्तुगीजांच्या हातून गेली.

इंग्रजांनी या किल्ल्याचा १९५८ पर्यंत तुरुंग केला होता. आता तेथे तिकीट काढून जाता येते. जाणाऱ्या भगिनींनी सकाळीच निघावे. दुपारी तो दगड भारी तापतो.