स्लाविया: एका तक्रारीतून निघालेली सायकल

चाकणला तयार होणारी स्कोडाची 'स्लाविया' मोटार 2022 पासून आपल्या रस्त्यांवर आहे. हे नाव मुळात सायकलीचे.

बोहेमियावर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती; व्यापारात जर्मनचा वरचष्मा. म्लादा बोलेस्लाव गावचे पुस्तकविक्रेते वात्स्लाव क्लेमेंट यांची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्यांनी कंपनीला चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर जर्मनमध्ये आले: आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा.

क्लेमेंट यांना हे झोंबले. 1895 मध्ये वात्स्लाव लॉरिन या मेकॅनिकसोबत त्यांनी स्वतःच सायकली बनवायला घेतल्या आणि स्लाव लोकांवरून नाव ठेवले 'स्लाविया'. 1905 मध्ये त्यांची पहिली मोटार आली. 1925 मध्ये कंपनी स्कोडात विलीन झाली. म्हणून त्या सुरुवातीच्या सायकलीवर नाव हवे लॉरिन-क्लेमेंटचे. स्कोडाचे नाव दिसले तर संग्राहकाने सावध व्हावे.

आपल्या भाषेतला अर्ज परत आल्याचा अनुभव उर्दूवाल्यांना आहे, मराठीवाल्यांनाही आहे. आपण बहुतेकदा गुपचूप दुसऱ्या भाषेत अर्ज लिहून देतो. क्लेमेंट यांनी कारखाना काढला. त्या दुर्मीळ सायकलीचे खरे मोल मला यात दिसते.