हातरिक्षा

हातरिक्षा : माणसाने दांड्या धरून ओढावयाचे दोन चाकांचे हलके प्रवासी वाहन. याचे आसन आखूड बाकासारखे असून त्यावर बहुधा दोन व्यक्ती शेजारी शेजारी बसतात. ‘जिन-रिकि-शा’ (माणूस-बळ-वाहन) या जपानी शब्दाचा पहिला अवयव गळून ‘रिक्षा’ हे नाव रूढ झाले. मराठीत रिक्षा म्हटले की तीनचाकी स्वयंचलित गाडीच डोळ्यांपुढे येते. मूळ नावात आरंभीच ज्या माणसाचा निर्देश होता, नेमका तोच लुप्त झाला आहे.

जपानमध्ये तोकुगावा राजवटीत प्रवासी चाकांच्या वाहनांना फारसा वाव नव्हता. त्या काळी ‘कागो’ या डोलीसारख्या साधनातून एका प्रवाशाला दोन माणसे खांद्यावर वाहून नेत. ही राजवट संपल्यावर इझुमी योसुके, सुझुकी तोकुजिरो व ताकायामा कोसुके या तिघांना १८७० मध्ये टोकिओत रिक्षा चालविण्याची परवानगी मिळाली. शोधाचे श्रेय जोनाथन गोबल या अमेरिकन मिशनऱ्यालाही दिले जाते. परंतु वाहन रस्त्यावर आणून त्याचा धंदा उभा केला तो या तिघांनीच. दोन वर्षांत टोकिओत सु. ४०,००० रिक्षा झाल्या व कागो मागे पडला. १८९६ च्या सुमारास जपानमधील रिक्षांची संख्या २ लक्षांवर गेली होती.

या झपाट्याचे कारण साध्या हिशेबात आहे. कागोत एका प्रवाशामागे दोन मजूर लागत; दुहेरी आसनाच्या रिक्षेत दोन प्रवाशांमागे एक मजूर पुरतो. म्हणजे प्रत्येक मजुरामागे प्रवाशांची संख्या चौपट झाली. आरंभीच्या जपानी रिक्षांत दुहेरी आसनाच्या पुष्कळ होत्या. पुढे तेथे एकेरी आसनाचा प्रकार अधिक रूढ झाला. भारतात मात्र दुहेरी बाक टिकून राहिला. एका भाड्यात दोघांचा प्रवास होतो, ही त्यामागची मुख्य सोय. ती प्रवाशांची आहे, ओढणाऱ्याची नव्हे.

रिक्षेची रचना कौशल्याची आहे. आसन आसाच्या जवळजवळ वर येते. त्यामुळे ओढणाऱ्याने दांड्या योग्य उंचीवर उचलून धरल्या, की बैठकीचा भार मुख्यतः चाकांवर तोलला जातो आणि सपाट रस्त्यावर गाडी सहज चालते. चाके मोठी असल्याने खाचखळगे कमी जाणवतात. चढ आला की हा समतोल उपयोगी पडत नाही. गाडीचे वजन ८० व प्रत्येक प्रवाशाचे ६० किग्रॅ. धरल्यास, २० मी. अंतरात १ मी. चढणाऱ्या रस्त्यावर एका प्रवाशासाठी सु. ७ व दोघांसाठी सु. १० किग्रॅ. वजनाइतका जादा ओढा लावावा लागतो. शिवाय स्वतःचे शरीर वर न्यावे लागते ते निराळेच. उतारावर हाच भार पाठीमागून रेटतो व तो केवळ पायांनी थोपवावा लागतो. म्हणूनच सपाट कोलकात्यात एक माणूस जे काम करतो, त्यासाठी डोंगरावरील गावांत अनेक माणसे लागत.

सिमल्यात १८८० च्या सुमारास रिक्षा आली व तिने ‘झंपान’ या चौघांनी वाहावयाच्या खुर्चीची जागा घेतली. पण रिक्षेलाही सामान्यतः चार माणसे जुंपली जात. रडयर्ड किपलिंगच्या भुताच्या रिक्षेच्या कथेत हे चित्र आढळते. कोलकात्यात चिनी व्यापाऱ्यांनी ती प्रथम मालवाहतुकीसाठी वापरली. प्रवासी नेण्याची परवानगी नंतर मिळाली. तेथील बहुसंख्य ओढणारे बिहारमधून आलेले असून गाडी त्यांच्या मालकीची नसे. मालकाला रोजचे भाडे देऊन उरेल ती त्यांची कमाई. बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन (१९५३) या चित्रपटात अधिक पैशांच्या आमिषाने शंभू आपली रिक्षा वेगाने पळवितो आणि चाक निखळते. २००६ मध्ये पश्चिम बंगालच्या विधानसभेने बंदीचे विधेयक संमत केले. न्यायालयीन स्थगितीमुळे ते अंमलात आले नाही. विरोध करणाऱ्यांत स्वतः रिक्षाचालकही होते. उपजीविकेची दुसरी तरतूद न करता केलेली बंदी ही त्यांना मुक्ती वाटणे शक्य नव्हते. पावसाळ्यात तुंबलेल्या गल्ल्यांतून उंच चाकांची रिक्षाच जाऊ शकते, हीही गोष्ट खरी.

महाराष्ट्रात हातरिक्षेचे ठिकाण म्हणजे माथेरान. मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर वा हातरिक्षेने जावे लागे. तांबड्या मातीच्या चढावर एकाने पुढून ओढावयाचे व इतरांनी मागून ढकलावयाचे, अशी पद्धत होती. येथे २०२२ च्या अखेरीस विजेवरील रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश राज्य शासनास दिला. निधीचा अभाव ही सबब मानली जाणार नाही, असेही स्पष्ट केले. गुजरातमधील केवडिया येथील योजनेच्या धर्तीवर शासनाने विजेवरील रिक्षा खरेदी करून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालविण्यास द्याव्यात, असे न्यायालयाने सुचविले.